तुर्कमेन गालिचा पाठीवरून कसा वाचायचा

कार्पेटच्या कुठल्याही जरा बऱ्या दुकानात गेलात की एक गालिचा हमखास उलगडून दाखवतात, गडद लाल, त्यावर ओळीने मांडलेले अष्टकोनी आकार, मधल्या जागेत छोटे चांदणीसारखे आकार, भोवती चार-पाच किनारी, आणि सांगतात की हा "बोखारा". बोखारा म्हणजे बुखारा, आजच्या उझबेकिस्तानातलं जुनं व्यापारी शहर, आणि हा गालिचा मुळात तिथला नाहीच. तिथे तो फक्त विकला जायचा. विणायच्या त्या तुर्कमेन बायका, काराकुम वाळवंटाच्या कडेने राहणाऱ्या, नमद्याच्या गोल तंबूत, जमिनीवर ठोकलेल्या मागावर. दुकानात जो मिळतो तो बऱ्याचदा त्यांचाही नसतो, लाहोरला किंवा कराचीला किंवा आपल्या काश्मीरमध्ये विणलेला असतो, नक्षी फक्त त्यांची. म्हणजे एकाच चेहऱ्याचे चार वेगवेगळे गालिचे समोर येऊ शकतात आणि समोरून बघून फरक सांगणं अवघड जातं.

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट नीट समजावून सांगायची आहे, की तुर्कमेन गालिचा ओळखायचा असेल तर त्याची नक्षी सगळ्यात शेवटी बघा, आधी तो उलटा करा. नक्षी कोणीही उतरवून घेऊ शकतं, पण धागा कसा पिळला, गाठ कुठल्या बाजूने मारली, आडवे धागे किती घातले ही हाताची सवय आईकडून मुलीकडे जाते आणि ती सहसा बदलत नाही. दोघांनी तोच मजकूर लिहिला तरी अक्षराचं वळण वेगळं राहतं ना, तसंच हे आहे. गेल्या पन्नासएक वर्षांत या गालिच्यांबद्दल जे काही पक्कं कळलंय त्यातलं बरंचसं या वळणावरूनच कळलंय.

आधी हे लोक कोण ते थोडक्यात. कॅस्पियन समुद्र आणि अमुदर्या नदी यांच्या मधला जो कोरडा पट्टा आहे तिथे तुर्कमेन टोळ्या राहायच्या, मेंढ्या, उंट, घोडे, आणि जिथे पाणी मिळेल तिथे थोडी शेती. टेके, योमुत, एरसारी, सालोर, सारिक, चौदुर, अराबाची ही त्यांतली मुख्य नावं. आज त्यांचा प्रदेश मुख्यतः तीन देशांत वाटला गेलाय, तुर्कमेनिस्तान, इराणचा ईशान्येकडचा गोलेस्तान प्रांत आणि उत्तर अफगाणिस्तान, म्हणजे अंदखोय, आकचा, शिबरगान हा भाग.

आता तंबू. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो कारण आपण गालिचा म्हटलं की दिवाणखान्यातली जमीन डोळ्यांसमोर आणतो, आणि तुर्कमेन विणकाम तसं नव्हतंच. रोजच्या वापराला खाली नमदा असायचा, म्हणजे लोकर न विणता पाणी मारून, लाटून, दाबून केलेला जाड थर. गाठी मारून विणलेला मोठा गालिचा ही खास वस्तू, पाहुणे, लग्नकार्य, घरची ऐपत. आणि त्याच गाठींच्या कामात तंबूतलं बाकीचं सगळं फर्निचरही व्हायचं. कपाट नाही, तर भिंतीला टांगायच्या मोठ्या पिशव्या, त्यांना चुवाल म्हणतात, त्यात कपडे-अंथरुणं. त्याहून कमी उंचीची तोरबा, त्यात किरकोळ सामान. घोड्यावर-उंटावर टाकायचं दुहेरी खोगीरपोतं, खुर्जीन. तंबूच्या दाराला आतून-बाहेरून पडदा म्हणून एन्सी, त्यावर खिडकीच्या तावदानांसारखे चार भाग पाडलेले. दाराच्या वरच्या चौकटीला लावायचा कापुनुक, खाली दोन पाय लोंबणारा. तंबूच्या लाकडी सांगाड्याभोवती गुंडाळायचा पट्टा, वीतभर ते हातभर रुंद आणि कित्येक मीटर लांब, पांढऱ्या सपाट विणीवर फक्त नक्षीपुरत्या गाठी उठवलेला. आणि लग्नात नवरीच्या उंटाला दोन्ही बाजूंनी घालायची पाचकोनी झूल, अस्मालिक, ही नेहमी जोडीने विणायची. आज जगभरच्या संग्रहांत यातली एखादीच झूल एकटी पडलेली दिसते, दुसरी कुठे गेली कोणालाच माहीत नसतं, ते बघून वाईट वाटतं.

बाजारात या वस्तू आल्या तेव्हा विकत घेणाऱ्याला तंबू माहीत नव्हता, मग एन्सीला नमाजाचा गालिचा म्हणून विकलं गेलं, चुवालचा मागचा सपाट कापडी भाग फाडून टाकला आणि पुढचा तेवढा छोटा गालिचा म्हणून खपवला. त्यामुळे एखादा तुकडा साधारण दीड मीटर रुंद आणि मीटरभरापेक्षा कमी उंच, म्हणजे रुंदीच जास्त, असा दिसला तर तो बहुतेक पिशवीचा चेहरा आहे असं समजायला हरकत नाही.

लोकर कशी ते बघू. तुर्कमेनिस्तानात सारिजा नावाची मेंढी आहे, तिची लोकर लांब धाग्याची आणि चकचकीत, वसंतात कातरलेली लोकर सगळ्यात चांगली मानतात. ती धुवायची, विंचरायची, हाताने चातीवर कातायची. एकेरी सूत एका दिशेने पिळायचं आणि मग दोन सुतं एकत्र करून उलट दिशेने पीळ द्यायचा, म्हणजे धागा सुटत नाही. तुर्कमेन गालिच्यात उभा ताणाही लोकरीचा, आडवा बाणाही लोकरीचा, कधी त्यात बकरीचे केस मिसळलेले. हे लक्षात ठेवा, पुढे खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल, कारण पाकिस्तानी बोखाऱ्याचा ताणा साधारणपणे पांढऱ्या सुताचा म्हणजे कापसाचा असतो.

माग उभा नसतो, आडवा असतो, जमिनीला समांतर. चार खुंट ठोकायचे, दोन आडव्या दांड्यांमध्ये ताणा ताणायचा, झालं. तळ हलवायचा झाला तर खुंट उपटून, दांड्या गुंडाळून अर्धवट गालिच्यासकट उंटावर लादायचं आणि पुढच्या ठिकाणी परत ठोकायचं. बाई विणलेल्या भागावरच बसते आणि पुढे सरकत जाते. हत्यारं मोजकी, गाठ मारली की धागा कापायला केसेर नावाची सुरी, ओळ ठोकून बसवायला दाराक म्हणजे जड दातांची फणी, आणि लव सारखी कापायला कात्री. नक्षीचा कागद समोर नसतो, मोजमाप डोक्यात असतं, कुठल्या ओळीत कुठल्या रंगाच्या किती गाठी हे लहानपणापासून आईशेजारी बसून बसून बोटांत उतरलेलं असतं. काश्मीरच्या विणकराकडे तालीम असते, सांकेतिक चिन्हांत लिहिलेला कागद, तो बघून किंवा वाचून घेत विणतात. तुर्कमेन बाईकडे तसलं काही नसायचं, हा दोन परंपरांमधला मोठा फरक आहे.

आता गाठ. सगळ्या लेखात हाच भाग जरा किचकट आहे, पण एकदा कळला की बाकी सगळं सोपं. ताण्याचे उभे धागे शेजारी शेजारी असतात. त्यातले दोन धरायचे आणि त्यांना रंगीत लोकरीचा तुकडा अडकवून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढायची, ती टोकं म्हणजे गालिच्याची लव. अडकवायच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिली, दोन्ही उभ्या धाग्यांना सारखाच वेढा घालायचा आणि दोन्ही टोकं त्या दोघांच्या मधून वर काढायची, ही सम गाठ. दुसरी, एकाच उभ्या धाग्याला पूर्ण वेढा, दुसऱ्याच्या फक्त मागून धागा न्यायचा, मग एक टोक दोघांच्या मधून येतं आणि दुसरं बाजूने, ही विषम गाठ, आणि ती बाजू उजवी की डावी यावरून तिचे परत दोन प्रकार. अशी एक ओळ संपली की आडवा धागा, एक किंवा दोन, घालायचा, फणीने ठोकायचा, पुढची ओळ.

टेके बायका विषम गाठ मारतात, उजवीकडे उघडी. सालोरांची विषम पण डावीकडे उघडी, आणि त्यात दर दोन उभ्या धाग्यांपैकी एक मागे दाबलेला, त्यामुळे पाठीवर हात फिरवला तर बारीक उभ्या सरी हाताला लागतात. सारिकांची गाठ सम. योमुतांमध्ये दोन्ही सापडतात. टेक्यांच्या काही कामात असंही दिसतं की मधे सगळ्या विषम गाठी आणि अगदी कडेच्या एक-दोन उभ्या रांगांत मात्र सम, कारण विषम गाठ कडेला निसटू शकते, सम घट्ट बसते. वाळवंटात बसून कोणीतरी हा बारकावा शोधला आणि पुढच्या पिढ्यांनी तो जपला, याचं मला फार कौतुक वाटतं.

गाठी किती याचाही अंदाज घ्या. चांगल्या जुन्या टेके गालिच्यात एका चौरस मीटरला साधारण २ ते ३ लाख गाठी भरतात. म्हणजे २ मीटर बाय ३ मीटरचा गालिचा धरला, ६ चौरस मीटर, तर कमीत कमी १२ लाख गाठी. दिवसाला ६००० गाठी धरल्या तर एका बाईचे २०० दिवस, चौघी जणी शेजारी शेजारी बसल्या तर ५० दिवस, आणि हे फक्त गाठींचं झालं, लोकर कातणं, रंगवणं, माग लावणं, शेवटची कातरणी हे सगळं वेगळं. पण जास्त गाठी म्हणजे जास्त चांगला गालिचा असं सरसकट समजू नका, एरसारींचे गालिचे मोकळ्या विणीचे, मोठ्या आकारांचे असतात आणि तेही अप्रतिम असतात.

रंगांबद्दल बोलायचं तर लाल म्हणजे मंजिष्ठा. आपल्याकडे आयुर्वेदात जी मंजिष्ठा वापरतात तिचीच मध्य आशियातली बहीण, तिच्या मुळांत रंग असतो आणि मुळं चांगली भरायला झाडाला तीनेक वर्षं लागतात. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मुरवायची, तुरटी लोकरीला धरते आणि रंग तुरटीला धरतो, म्हणून तो धुतला तरी जात नाही. पाणी कुठलं, मुळं किती जुनी, आच किती, यावर त्याच मंजिष्ठेतून विटकरी, किरमिजी, तपकिरी, जांभळट असे वेगवेगळे लाल निघतात, टेक्यांचा लाल आणि योमुतांचा जांभळटपणाकडे झुकणारा लाल शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसतो. निळा म्हणजे नीळ, आणि ही नीळ मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातून काफिल्यांबरोबर बुखाऱ्याच्या बाजारात जायची. पिवळा रानटी फुलांचा, तपकिरी-काळा अक्रोडाच्या आणि डाळिंबाच्या सालीचा, किंवा मेंढीची मूळचीच गडद लोकर. काळ्यासाठी लोहाचा अंश असलेलं पाणी वापरलं तर तो रंग हळूहळू लोकरच खातो, म्हणून जुन्या गालिच्यात कधी कधी काळ्या रेघा खोल गेलेल्या आणि बाकीची लव उंच असं दिसतं, ते झिजणं वापरामुळे नाही, रंगामुळे. काही जुन्या तुकड्यांत थोड्या थोड्या जागी एक वेगळाच गुलाबीसर लाल दिसतो, तो कोचिनीलचा, म्हणजे मेक्सिकोतल्या निवडुंगावरच्या किड्यापासून केलेला. मेक्सिकोहून समुद्रमार्गे युरोप, तिथून रशिया किंवा इराण, आणि मग तुर्कमेनिस्तानातल्या मर्वजवळच्या वाळवंटातल्या तंबूत एका बाईने तो जपून जपून, महाग म्हणून नक्षीच्या अगदी मधोमध वापरला.

आता त्या अष्टकोनी आकारांकडे येतो, त्याला गुल म्हणतात. टेक्यांच्या गुलाचे चार भाग पाडलेले, आडव्या-उभ्या गडद रेघांनी सगळे गुल एकमेकांना जोडलेले. योमुतांकडे आकड्यांसारख्या कडा असलेले हिऱ्याचे आकार, तिरक्या रांगांत रंग बदलत जाणारे. एरसारींचा गुल मोठा, अफगाण गालिच्यांवर तो आणखी मोठा होत गेला आणि बाजाराने त्याला हत्तीचा पाय असं नाव दिलं. चौदुर, अराबाची आणि काही योमुत-एरसारी कामात गुलाच्या प्रत्येक चौथ्या भागात छोटे प्राणी, कधी दोन तोंडांचे.

वालेंतिना मोश्कोवा या सोव्हिएत संशोधिकेने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आणि नंतरही टोळ्यांमध्ये फिरून खूप माहिती जमवली. तिच्या मांडणीने एक कल्पना लोकप्रिय झाली की मुख्य गुल म्हणजे टोळीची निशाणी, आणि टोळी हरली की तिचा गुल मेला, तिने मग जिंकणाऱ्याचा गुल विणायचा. ऐकायला हे फार भारी वाटतं आणि दुकानदार अजूनही हीच गोष्ट रंगवून सांगतात. पण वस्तू बघायला गेलं तर चित्र इतकं सरळ नाही. सालोर ही एके काळी सगळ्यात मानाची टोळी, १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला इराणच्या अब्बास मिर्झाने सराख्सला त्यांचा पाडाव केला आणि त्यांची ताकद संपली. पुढे १८५०च्या दशकात टेक्यांनी मर्व घेतलं आणि तिथल्या सारिकांना दक्षिणेला पंजदेहकडे सरकावं लागलं. या नियमाप्रमाणे सालोरांचा गुल नाहीसा व्हायला हवा होता. झालं उलटंच, टेके आणि सारिक दोघंही आपल्या चुवालांवर सालोरांचा भरदार, बुरुजांसारख्या कडांचा गुल विणायला लागले. का, मान म्हणून, सुंदर दिसतो म्हणून, सालोर घरातल्या मुली सुना होऊन आल्या म्हणून, यातलं काहीही असू शकतं.

आणि इथेच पाठ कामाला येते. तीन चुवाल समोर ठेवा, तिघांवर तोच गुल, तोच लाल. पूर्वी सगळे सालोर म्हणून खपायचे. मग अभ्यासकांनी गाठी मोजायला आणि तपासायला सुरुवात केली, आणि एका गटात डावीकडे उघडी विषम गाठ आणि दाबलेला ताणा, दुसऱ्यात उजवीकडची, तिसऱ्यात सम, असे तीन ढीग स्वच्छ वेगळे झाले. पहिला ढीग खरा सालोर. या पद्धतीने आणखीही गट सापडले जे नक्षीवरून कोणाच्या लक्षातच आले नव्हते. पुढे काही तुकड्यांची कार्बन पद्धतीने वयंही काढली गेली आणि त्यातले काही १८०० सालाच्याही आधीचे निघाले.

आता बाजाराची गोष्ट, कारण तिच्याशिवाय आजचा गालिचा कळणार नाही. जानेवारी १८८१ मध्ये रशियन सैन्याने गोकतेपेचा टेके किल्ला फोडला, आत हजारो माणसं मारली गेली, त्यात बायका-मुलंही होती. त्याच सुमाराला कॅस्पियनच्या किनाऱ्यापासून रेल्वे टाकायला सुरुवात झाली होती, ती १८८६ मध्ये मर्वला आणि १८८८ मध्ये समरकंदला पोचली. लुटीत गेलेले, उपासमारीत विकलेले गालिचे आणि मग मुद्दाम विक्रीसाठी विणलेले गालिचे या रेल्वेने बाहेर पडले आणि रशिया-युरोपात त्यांचं वेडच लागलं. रशियाने जिंकलेल्या या कॅस्पियनपलीकडच्या प्रांताचा गव्हर्नर असलेला जनरल बोगोल्युबोव्ह याने कळकळीने गालिचे जमवले आणि १९०८ पासून त्यांची रंगीत चित्रं छापली, कारण हे काम आता बिघडत चाललंय हे त्याला दिसत होतं. ज्या सत्तेने हे जग मोडलं त्याच सत्तेच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या नोंदी केल्या, सेंट पीटर्सबर्गच्या वांशिक संग्रहालयात आज जे आहे त्यातलं बरंच त्या वर्षांत गोळा झालेलं.

बिघडत होतं ते मुख्यतः रंगांत. युरोपात रासायनिक रंग निघाले होते, रेल्वेने ते स्वस्तात आले आणि मंजिष्ठेसाठी तीन वर्षं कोण थांबणार. सुरुवातीचे काही रंग उन्हात उडायचे, काही ओले झाले की शेजारच्या पांढऱ्यात उतरायचे. दोष विणणाऱ्या बाईचा नव्हता, तिला पुडीत जे मिळालं ते तिने वापरलं. एक मात्र झालं, हे रंग प्रयोगशाळेत ओळखता येतात आणि कुठला रंग कुठल्या वर्षी निघाला हे माहीत आहे, त्यामुळे असा रंग सापडला की गालिचा त्या वर्षानंतरचा हे पक्कं.

सोव्हिएत काळात विणकाम सहकारी कारखान्यांत गेलं, लेनिनच्या तसबिरी गालिच्यात विणल्या गेल्या. सामूहिक शेतीच्या सक्तीतून पळून बरेच तुर्कमेन १९२०-३०च्या दशकांत अमुदर्या ओलांडून अफगाणिस्तानात आले, आणि १९७९ नंतर तिथे युद्ध पेटलं तेव्हा त्यातलेच अनेक पाकिस्तानात निर्वासित झाले. पेशावरच्या आसपासच्या छावण्यांत १९९०च्या दशकात त्यांनी फिकट रंगांचे, फुलापानांच्या इराणी नक्षीचे "चोबी" गालिचे विणायला घेतले कारण अमेरिका-युरोपात तेच चालत होतं. या कामात एकही गुल नाही. पण हात तुर्कमेनच.

तुर्कमेनिस्तान १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर गालिचा ही राष्ट्राची ओळखच झाली, झेंड्यावर उभ्या लाल पट्ट्यात पाच गुल आहेत, मे महिन्याचा शेवटचा रविवार गालिचा दिन म्हणून साजरा होतो, अश्गाबातला गालिच्यांचं वेगळं म्युझियम आहे. तिथला ३०१ चौरस मीटरचा एक गालिचा २००३ मध्ये जगातला सगळ्यात मोठा हाताने विणलेला म्हणून गिनेसमध्ये नोंदला गेला, नंतर इराणी विणकरांनी अबुधाबीच्या मशिदीसाठी त्याहून कितीतरी मोठा केला. २०१९ मध्ये तुर्कमेन गालिचा विणण्याची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मला स्वतःला ३०१ चौरस मीटरच्या गालिच्यापेक्षा एखादी दोन वीत तोरबा जास्त ओढते, पण एका देशाने विणणाऱ्या बायकांचं काम झेंड्यावर घेतलं ही गोष्ट लहान नाही.

आता तुम्ही दुकानात उभे आहात असं समजा. गालिचा उलटा करायला सांगा. मशीनचा असेल तर पाठ अगदी एकसारखी, छापल्यासारखी, आणि टोकाची झालर वरून शिवलेली किंवा चिकटवलेली असेल, हाताच्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याचेच धागे बाहेर आलेले. पाठीवर गोंदाने कापड चिकटवलेलं असेल तर तो गाठीचा नाहीच, बंदुकीसारख्या यंत्राने टोचून केलेला आहे, स्वस्तात पडायला हवा. मग झालर चिमटीत धरा, गुळगुळीत पांढरं सूत म्हणजे बहुधा पाकिस्तान किंवा भारत, खरखरीत, जरा मळकट लोकर म्हणजे अफगाण, तुर्कमेन किंवा इराणी तुर्कमेन असण्याची शक्यता बरीच. मग पुढून आडवी घडी घालून लव फाकवा आणि मुळाशी गाठ बघा, सवय नसेल तर सम की विषम लगेच कळणार नाही, पण रंग मात्र नक्की कळेल, वरचं टोक फिकट आणि मूळ भडक असेल तर रंग उडालाय किंवा मुद्दाम केमिकलने धुवून जुना दिसेल असा केलाय. साठ-सत्तरच्या दशकात तर लाल अफगाण गालिचे ब्लीच करून सोनेरी करायची फॅशनच होती, दिसायला छान, पण लोकर कमजोर होते. पांढरा रुमाल किंचित ओला करून लाल भागावर घासा, रुमाल गुलाबी झाला तर तो गालिचा घरी धुण्याचा विचारही करू नका.

लाल रंग सगळीकडे एकसारखा नाही, मधेच पट्टा जरा गडद किंवा फिकट झालाय, असं दिसलं तर ते दोष समजून भाव पाडू नका. घरी थोडी थोडी लोकर रंगवली की प्रत्येक वेळचा रंग जरा वेगळा येतो, हाताच्या कामाची ती खूण आहे. पाकिस्तान किंवा काश्मीरचा बोखारा घेण्यातही काही कमीपणा नाही, तो चांगल्या मऊ लोकरीचा असेल तर उत्तम वस्तू आहे, फक्त तो काय आहे ते माहीत असून घ्या आणि तेवढेच पैसे द्या. जुना म्हणून कोणी फार किंमत सांगत असेल तर कोणत्या टोळीचा, ताणा कशाचा, गाठ कुठली एवढे तीन प्रश्न विचारा. माहीतगार विक्रेता खुश होऊन तासभर बोलेल. आणि तुर्कमेनिस्तानातूनच आणणार असाल तर बाहेर न्यायला तज्ज्ञांचा दाखला लागतो, जुना गालिचा असेल तर अडचण येऊ शकते, आधीच चौकशी करा.

पैशांचंही बोललं पाहिजे. अफगाणिस्तानातल्या खेड्यात विणणाऱ्या बाईला शेवटच्या किमतीतला फार लहान हिस्सा मिळतो, लोकर उधारीवर व्यापाऱ्याकडून, गालिचा परत त्यालाच, मग तो कित्येकदा धुण्या-कातरण्यासाठी सीमेपलीकडे पेशावर-लाहोरला आणि तिथून पाकिस्तानी माल म्हणून परदेशात. दिवसदिवस मागावर बसावं लागतं म्हणून लहान मूल झोपून राहावं यासाठी त्याला अफू चाटवण्याचे प्रकार उत्तर अफगाणिस्तानातल्या गावांत नोंदले गेलेत. लहान मुलीही मागावर बसतात. म्हणून मला वाटतं, नवा गालिचा घेताना तो कोणी विणला आणि पैसे कसे दिले जातात हे सांगू शकणारा विक्रेता मिळाला तर दोन पैसे जास्त देऊन त्याच्याकडूनच घ्यावा.

परदेशात राहणाऱ्यांना बघायची सोय चांगली आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंगमध्ये तुर्कमेन तुकड्यांचे संग्रह आहेत, सगळं नेहमी मांडलेलं नसतं, पण त्यांच्या वेबसाइटवर फोटो मोठे करून बघता येतात.

आणि ज्यांच्या घरी असा गालिचा आहे त्यांनी कोकणात, मुंबईत पावसाळ्यात जपायला हवं. लोकरीला कसर लागते आणि ओलीने बुरशी, दोन्ही अंधारात, न हलवलेल्या जागी, म्हणजे नेमकं सोफ्याखाली. महिन्यातून एकदा तो भाग उचलून बघा, वर्षातून एकदा गालिचा फिरवून टाका म्हणजे एकाच बाजूला ऊन आणि पाय पडत नाहीत. व्हॅक्यूम लवेच्या दिशेनेच आणि हळू, झालरीवर अजिबात नको, दांडीवर टाकून बडवू तर नकाच, जुना ताणा तुटतो. ठेवून द्यायचा असेल तर आधी कडकडीत कोरडा करा, घडी न घालता लवेच्या दिशेने गुंडाळा, वर धुतलेलं सुती धोतर किंवा चादर, सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला चालेल, प्लॅस्टिक मात्र गुंडाळू नका, आत ओल कोंडते.